दहा ग्रॅम प्रोटीन, दोन चमचे तेल: संध्याकाळच्या बशीचा हिशोब

संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला पोटात कावळे ओरडायला लागले की आपण जे खातो ते बहुतेक वेळा बटाटा, मैदा, साबुदाणा नाहीतर पोहे असतं, आणि त्यावर भरपूर तेल. पोट तेवढ्यापुरतं भरतं, पण आठच्या आत पुन्हा काहीतरी चघळावंसं वाटतं. यावर उपाय म्हणून लोक एकदम उकडलेल्या भाज्यांवर जातात आणि चार दिवसांत कंटाळून वडापावकडे परत येतात. मला हा मार्ग मुळीच पटत नाही. कोथिंबीर वडी, थालीपीठ, मिसळ हे आपले पदार्थ डाळी-कडधान्यांवरच उभे आहेत. त्यातलं डाळीचं प्रमाण वाढवायचं, पिठूळ जिन्नस कमी करायचे आणि तेल बाटलीतून ओतण्याऐवजी चमच्याने मोजायचं, एवढ्याने निम्म्याहून जास्त काम होतं.

हा लेख स्वयंपाकाला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी आहे. घराबाहेर राहणारे विद्यार्थी, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेली मंडळी, किंवा घरातच पहिल्यांदा कढई हातात घेतलेलं कुणीही.

आधी आकडे समजून घ्या

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. दोन्ही वेळचं वरण-भात-पोळी आणि सकाळचा नाश्ता यांतून यातला मोठा भाग येतो, पण सगळा येतोच असं नाही. म्हणून संध्याकाळच्या खाण्यासाठी मी एकच माप धरते: एका माणसाच्या बशीत निदान १० ग्रॅम प्रोटीन आणि जास्तीत जास्त दोन चमचे तेल. चमचा म्हणजे चहाचा, ५ मिलीचा. अशा एका चमच्यात ४० ते ४५ कॅलरी असतात. तूप घेतलंत तरी जवळपास तेवढ्याच, तेव्हा साजूक तूप आहे म्हणून हात सैल सोडू नका.

कुठल्या डब्यात काय आहे ते एकदा लक्षात ठेवा. १०० ग्रॅम कोरड्या मुगाच्या डाळीत साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं, उडीद डाळीत २३, हरभऱ्याच्या डाळीत आणि बेसनात २१-२२, मटकीत २० च्या आसपास. शेंगदाण्यात २४-२५, पण त्यांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असतो, म्हणून ते मूठभरच घ्यायचे. सोयाच्या वड्यांमध्ये ५० च्या वर. पनीरमध्ये १८ ते २०. एका अंड्यात ६. याच्या उलट ज्वारीत १०, पोह्यात ७ च्या आसपास, उकडलेल्या बटाट्यात जेमतेम २ आणि साबुदाण्यात जवळजवळ काहीच नाही. हे आकडे डोक्यात बसले की कुठल्याही पदार्थात कशाचं प्रमाण वाढवायचं आणि कशाचं कमी करायचं हे तुमचं तुम्हालाच कळतं.

सामान फार लागत नाही. एक छोटा वजनकाटा, मापाचे चमचे, आप्पेपात्र, एक बिडाचा नाहीतर नॉनस्टिक तवा, आणि चाळणी आत बसेल असं झाकणाचं पातेलं. ढोकळ्याचं किंवा मोदकाचं पात्र असेल तर उत्तमच.

पहिला पदार्थ: कोथिंबीर वडी

सुरुवात हिच्यापासूनच करा. ही वडी आधी वाफवली जाते, म्हणजे शिजवायला तेल लागतच नाही. तेल लागतं ते फक्त वरच्या खरपूसपणासाठी, आणि तो थोड्या तेलातही येतो.

नेहमीच्या वडीत सगळं बेसन असतं. आपण मुगाची डाळ मुख्य धरायची. बेसनाने वडी घट्ट आणि जरा कोरडी होते. वाटलेल्या मूगडाळीने ती आतून मऊ राहते, आणि कमी तेलात परतायची असेल तेव्हा हा मऊपणा फार कामाचा असतो.

१५० ग्रॅम पिवळी मूगडाळ दोन-तीन वेळा धुऊन तीन तास भिजवा. चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. मग चार हिरव्या मिरच्या, सहा-सात लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि अर्धा चमचा जिरं घालून मिक्सरमधून काढा. पाणी शक्यतो घालूच नका. मिक्सर अडला तर एखादा मोठा चमचा घाला, त्याहून जास्त नको. वाटण अगदी गंधासारखं मऊ नको, थोडं रवाळ राहू द्या.

कोथिंबीर दीडशे ग्रॅम, निवडून आणि कोवळे देठ ठेवून. धुऊन पंचावर पसरा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच चिरा. ओल्या कोथिंबिरीचं पाणी पिठात उतरतं, पीठ सैल होतं, मग ते आवरायला तुम्ही आणखी बेसन घालता आणि सगळं प्रमाण बिघडतं. वाटणात कोथिंबीर, ५० ग्रॅम बेसन, एक मोठा चमचा तांदळाचं पीठ, हळद, तिखट, धणे-जिरे पूड, मीठ, किंचित गूळ, चिंचेचा कोळ आणि एक मोठा चमचा तीळ मिसळा. गोळा हाताला थोडा चिकटला पाहिजे, पण ताटलीत ओतता येईल इतका सैल नसावा.

सोडा घालू नका. सोड्याने वडी जाळीदार होते, पण जाळी जितकी जास्त तितकं परतताना तेल आत शिरतं.

तेलाचा हात लावलेल्या ताटलीत मिश्रण पाऊण इंच जाडीचं थापा. पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच ताटली पातेल्यात ठेवा, झाकणाला फडकं बांधा म्हणजे वाफेचे थेंब वडीवर पडत नाहीत, आणि मध्यम आचेवर वीस मिनिटं वाफवा. सुरी घालून पाहा. कोरडी बाहेर आली की झालं.

आता खरी कसोटी. वडी पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही. तासभर तरी जाऊ द्या, घाई असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. गरम वडी कापली की कडा तुटतात, आणि तुटलेल्या कडा तव्यावर जास्त तेल पितात. गार वडीचे चाकूला न चिकटता स्वच्छ तुकडे पडतात. पूर्ण लादीचे वीस तुकडे होतात.

तवा चांगला तापवा, एका माणसाच्या पाच वड्यांसाठी दीड-दोन चमचे तेल पसरा आणि वड्या ठेवा. ठेवल्यावर लगेच चुरचुर आवाज आला पाहिजे. आला नाही तर तवा थंड आहे, वडी उचला आणि थांबा. तीन मिनिटं हात लावू नका. उलथनं घालून बघितलं की तळाला पक्का तांबूस पापुद्रा दिसतो आणि वडी आपोआप सुटून येते. मग उलटा. पाच वड्यांमध्ये साधारण १२ ग्रॅम प्रोटीन होतं. एअर फ्रायर असेल तर वड्यांना ब्रशने तेल लावून त्यातही छान होतात.

उरलेली वाफवलेली लादी न कापता डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलीत तर दोन-तीन दिवस राहते. रोज हव्या तेवढ्या वड्या कापून परतायच्या.

बटाटेवडा, आप्पेपात्रातला

गाडीवरच्या वड्याचं कुरकुरीत आवरण आप्पेपात्रात येत नाही, ते मनातून काढून टाका. हा वेगळा पदार्थ आहे आणि चांगला आहे. आवरण थोडं जाड, भाजल्यासारखं लागतं.

सारणात २०० ग्रॅम उकडलेला बटाटा आणि १५० ग्रॅम कुस्करलेलं पनीर घ्या. बटाटे सालासकट उकडा, गार होऊ द्या, मगच सोला. गरम बटाट्यात पाणी असतं. एक चमचा तेलाच्या फोडणीत मोहरी, हिंग, कढीपत्ता, ठेचलेली मिरची-आलं-लसूण, हळद घाला, त्यात बटाटा दोन मिनिटं परता म्हणजे उरलेला ओलावा जातो. गॅस बंद करून पनीर, कोथिंबीर, मीठ आणि लिंबू. पनीर गॅसवर परतत बसू नका, ते चिवट होतं. लिंबाच्या आकाराचे बारा गोळे वळा.

८० ग्रॅम बेसनात हळद, तिखट, मीठ आणि थोडा ओवा घालून भज्यांपेक्षा जरा दाट पीठ भिजवा. पीठ दहा मिनिटं भिजलं की फेटून घ्या. इथेही सोडा नको. आप्पेपात्र तापवून प्रत्येक खळग्यात पाव चमचा तेल, त्यात पिठात बुडवलेला गोळा, झाकण, मंद आच. पाच-सहा मिनिटांनी उलटा आणि झाकण न ठेवता दुसरी बाजू होऊ द्या. बेसन कच्चं राहिलं तर लगेच चवीला कळतं, त्यामुळे आच वाढवून वेळ वाचवायला जाऊ नका. बारा वड्यांना मिळून फोडणीसकट चार चमचे तेल लागतं आणि तीन वड्यांतून १२ ग्रॅम प्रोटीन मिळतं.

हा वडा एअर फ्रायरमध्ये करू नका. पातळ पीठ धरायच्या आधीच जाळीतून गळतं.

सोबतच्या सुक्या लसणाच्या चटणीत खोबरं निम्मं करून त्या जागी डाळं घाला. चिवड्यात घालतो तेच भाजलेलं पंढरपुरी डाळं. चटणीला दाटपणा येतो आणि चवीत फरक जाणवत नाही.

थालीपीठ: भाजणीतच बदल करा

थालिपीठात आयत्या वेळी काहीतरी कोंबण्यापेक्षा भाजणीच डाळींची करून ठेवावी. तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल (प्रोटीनचा एक घटक) कमी असतं आणि डाळींत मेथिओनिन कमी असतं. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते. भाजणीत हे पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय.

२५० ग्रॅम ज्वारी, २५० ग्रॅम बाजरी, २५० ग्रॅम हरभरा डाळ, १२५ ग्रॅम उडीद डाळ, १२५ ग्रॅम हिरवे मूग, ५० ग्रॅम धणे, २० ग्रॅम जिरं. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजा. सगळं एकदम कढईत टाकलंत तर उडीद करपेल आणि हरभरा डाळ कच्ची राहील. गार करून गिरणीतून दळून आणा. गिरणीवाल्यांना थोडं जाडसर दळायला सांगा. उडीद सांगितल्याहून कमी करू नका, थालीपीठ थापताना तुटू नये म्हणून त्याचा चिकटपणा लागतो. हरभरा डाळ याहून वाढवलीत तर थालीपीठ कोरडं पडतं आणि कडेला भेगा जातात.

या भाजणीत १०० ग्रॅमला साधारण १६ ग्रॅम प्रोटीन असतं. ६० ग्रॅम भाजणीचं एक थालीपीठ म्हणजे जवळजवळ १० ग्रॅम, आणि सोबत वाटीभर दही घेतलं तर १५ च्या घरात. कांदा, कोथिंबीर, किसलेला दुधी किंवा मेथी घालून मऊ भिजवा, ओल्या फडक्यावर थापा, मध्ये बोटाने भोक पाडा. तेल एकच चमचा, निम्मं भोकात आणि निम्मं कडेने. झाकण ठेवा. वाफ आत कोंडली की थालीपीठ मऊ होतं आणि तेल जास्त आहे असं वाटायला लागतं.

वर लोण्याचा गोळा घ्यायचा असेल तर घ्या, फक्त तो तुमच्या दोन चमच्यांत मोजा.

मिसळ

मिसळीची अडचण मटकीत नाही, फरसाण आणि तर्रीत आहे. माणशी ५० ग्रॅम कोरडी मटकी धरली तरी १० ग्रॅम प्रोटीन उसळीतच आलं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मोड आल्याने कडधान्यातलं प्रोटीन वाढत नाही. पाणी शोषल्यामुळे वजन वाढतं, म्हणून १०० ग्रॅम मोडाच्या मटकीत कोरड्या मटकीपेक्षा प्रोटीन कमीच भरतं. मोड आणायचेच, पचायला हलकं होतं आणि क जीवनसत्त्व वाढतं यासाठी. हिशोब मात्र कोरड्या वजनावर करा.

मटकी रात्रभर भिजवा, पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा, दिवसभर उबदार जागी ठेवा. थंडीत जास्त वेळ लागतो. शिजवताना कुकरची शिट्टी काढू नका, मटकीचा लगदा होतो. झाकण ठेवून पातेल्यात शिजवा.

लाल तर्रीशिवाय मिसळीला मिसळ म्हणवत नाही, हे मलाही मान्य. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून पाव वाटी तेलात वाटण परतण्याऐवजी असं करा: कांदा, सुकं खोबरं, लसूण, आलं कोरडंच तव्यावर काळपट होईपर्यंत भाजा, वाटा, एक चमचा तेलावर परता, मसाला आणि गरम पाणी घालून कट उकळू द्या. शेवटी छोट्या कढल्यात चार माणसांसाठी चार चमचे तेल तापवा, गॅस बंद करा, अर्ध मिनिट थांबा आणि मग दोन चमचे काश्मिरी किंवा ब्याडगी मिरची पूड घाला. तेल लालभडक झालं की कटावर ओता. थोडंसं तेल वर तरंगलं तरी डोळ्यांना पुरेपूर तर्री दिसते. उकळत्या तेलात पूड टाकलीत तर ती काळी पडते आणि कडू होते.

फरसाण मूठभरापेक्षा कमी, अगदी वरून, शेवटच्या क्षणी. खाली कुरमुरे आणि भाजलेलं डाळं घाला म्हणजे कुरकुरीतपणा कमी पडत नाही. पाव एकच. अंडं खात असाल तर एक उकडलेलं अंडं अर्धं करून कटात सोडा, फार छान लागतं.

उपवासाच्या दिवशी

साबुदाणा हा कंदातून काढलेला निव्वळ स्टार्च आहे. खिचडीतलं जे काही प्रोटीन आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचं. तेव्हा साबुदाणा निम्मा करा, त्या जागी राजगिऱ्याचं पीठ घ्या, भिजलेल्या साबुदाण्यात कूट आणि थोडा बटाटा मिसळून आप्पेपात्रात वडे करा आणि वाटीभर घट्ट दह्याबरोबर खा. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रोटीन असतं. दही इथे चवीपुरतं नाही, तो जेवणाचा भाग समजा.

गोडाचं काय

श्रीखंड करा. एक लिटर कमी स्निग्धांशाच्या दुधाचं दही लावा, मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्येच टांगा किंवा चाळणीत ठेवून वर वजन ठेवा. बाहेर टांगलं तर उन्हाळ्यात चक्का, म्हणजे पाणी गळून उरलेलं घट्ट दही, आंबट होतो, आणि आंबटपणा मोडायला साखर वाढवावी लागते. नेहमीच्या श्रीखंडात चक्क्याएवढी साखर पडते. चक्का आंबट नसेल तर त्याच्या वजनाच्या पाव भाग साखर पुरते. वेलची, जायफळ आणि केशर हात राखून घालू नका, कमी साखरेत त्यांचाच आधार असतो. आंब्याच्या दिवसांत हापूसचा रस घातला तर साखर आणखी कमी चालते. गळलेलं पाणी ओतून देऊ नका, त्यात भाजणी भिजवा. थालिपिठाला छान आंबूस चव येते.

सोयाच्या वड्या

यांच्या वासामुळे बरेच जण एकदा करून सोडून देतात. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, थंड पाण्यात टाका, मुठीत घट्ट पिळा, पुन्हा ताज्या पाण्यात घालून पुन्हा पिळा. पिळलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग मिक्सरमधून एक झटका देऊन खिम्यासारखं करा आणि बटाटा, मटार, गरम मसाला घालून पॅटिस परता. माणशी ३० ग्रॅम कोरड्या वड्यांतून १५ ग्रॅम प्रोटीन मिळतं. स्वस्तात आणि सहज हाताशी येणारा याच्या तोडीचा शाकाहारी जिन्नस नाही.

जे बदलू नये

चकली, शेव, शंकरपाळी, करंजी. यांचा जीवच मोहनात (पिठात घातलेल्या गरम तेलात) आणि तळण्यात आहे. भाजलेली चकली दाताला लागते आणि मन भरत नाही म्हणून चार जास्त खाल्ल्या जातात. दिवाळीत तळलेलीच करा, दोन खा, आवडीने खा. फक्त तळताना एवढं सांभाळा: तेल नीट तापलेलं असू द्या, आणि पदार्थ काढल्याबरोबर कागदावर टिपून घ्या. तळण कढईत असताना आतली वाफ बाहेर येत असते, ती तेलाला आत शिरू देत नाही. बाहेर काढल्यावर वाफ विरते आणि वर लागलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून पहिल्या मिनिटात टिपलेलं तेलच काय ते वाचतं. पाच मिनिटांनी टिपून काही उपयोग नाही.

सुरुवात कशी करावी

पहिल्या आठवड्यात एकच पदार्थ, दोनदा. डाळी एकदम वाढवल्या की पोट फुगतं, म्हणून हळूहळू वाढवा, भिजवण्याचं पाणी फेकून द्या, हिंग-ओवा-आलं घालायला विसरू नका आणि दिवसभर पाणी पुरेसं प्या. घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यांच्या ताटात प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. लहान मुलांसाठी तेलाचं माप इतकं ताणू नका, वाढत्या अंगाला स्निग्ध पदार्थ लागतात. त्यांच्या वडीवर चमचाभर तूप खुशाल सोडा.

रविवारी भाजणी दळून आणा, मटकी भिजत टाका आणि वडीची एक लादी वाफवून ठेवा. मग बुधवारपर्यंत संध्याकाळी घरी आल्यावर पंधरा मिनिटांत बशी तयार होते.